कावेरीकाठचे तंजावर आणि आपली मराठी



वार्षिक व्याख्यानासाठी विषय विचारला गेला तेव्हा मी 'तंजावर' म्हटले. "बडोद्यात राहून तंजावर कशाला?" असे एका सभासदाने हसत विचारले. त्याला मी रावपुऱ्याच्या टॉवरची आठवण करून दिली. आपण सगळे त्या टॉवरखालून हजारदा गेलो आहोत. तो १८९६ मध्ये बांधला गेला, पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ. त्या मूळच्या तंजावरच्या. १८८० मध्ये त्यांचा विवाह सयाजीराव महाराजांशी झाला आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक यांचा ताफाही इथे आला. गौरा आणि कांतिमती ही त्यातली दोन नावे. आज जिला आपण भरतनाट्यम् म्हणतो ती कला बडोद्याच्या दरबारात अशी पोचली. पुढे गुरू कुबेरनाथ तंजोरकर यांच्यामुळे 'तंजोरकर' हे आडनाव आपल्या शहरात कायमचे राहिले.

त्याआधी, १८७५ मध्ये, सर टी. माधवराव दिवाण म्हणून बडोद्याला आले. त्यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. घराणे तंजावरी मराठी देशस्थांचे. त्रावणकोरची दिवाणगिरी आणि मग इंदूरची करून ते इकडे आले. म्हणजे इंदूर आणि बडोदा, आपल्यासारख्या मराठी माणसांची दोन मोठी ठाणी, काही काळ एका कावेरीकाठच्या मराठी माणसाने सांभाळली. आपण तंजावरला दूरचे समजतो, पण तंजावर आपल्या घरी येऊन गेलेले आहे.

आधी गाव डोळ्यांपुढे आणू. तंजावर हे तसे मोठे शहर नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत होती. कावेरीची मुख्य धार गावातून वाहत नाही. ती उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर तिरुवैयारूला भेटते. तिरुवैयारू या नावातच 'पाच नद्या' आहेत. तंजावरला लागून वडवार आणि वेण्णार हे प्रवाह जातात. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण झाले, त्याच सुमारास कल्लणैपासून काढलेला मोठा कालवा गावाच्या दक्षिण अंगाने आला. त्याला लोक अजून 'पुदु आरू', म्हणजे नवी नदी, असेच म्हणतात. कल्लणै हा कावेरीवरचा प्राचीन बंधारा करिकाल चोळाच्या नावावर सांगितला जातो. या पाण्यावर त्रिभुज प्रदेशाची भाताची शेती उभी आहे. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडी पेरुक्कूला, बायका नदीकाठी जातात, पिवळा दोरा बांधतात, चित्रान्ने करून नेतात, पाण्यात दिवे सोडतात. हा पाण्याचा सण आहे. आपल्याकडे कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, त्यामागचे मन आणि हे मन एकच.

या पाण्यामुळेच तिथे राजे आले. राजराज चोळाने बृहदीश्वराचे मंदिर १०१० च्या सुमारास पुरे केले. चोळांनंतर काही काळाने विजयनगरचे नायक आले. त्यांची भाषा तेलुगू. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाशी झालेल्या लढाईत तंजावरचा शेवटचा मोठा नायक, विजयराघव, मारला गेला. मग विजापूरच्या आदिलशहाने शहाजीराजांचे पुत्र, शिवरायांचे सावत्र भाऊ, व्यंकोजी यांना तिकडे पाठवले आणि १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजी स्वतःच तंजावरच्या गादीवर बसले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशेऐंशी वर्षे, तिथे भोसल्यांचे राज्य होते.

मित्रहो, राजांची यादी वाचून मी तुमचा वेळ घेणार नाही. एकशेऐंशी वर्षे राजभाषा असलेल्या मराठीचे तिथे पुढे काय झाले, एवढेच मला आज सांगायचे आहे. कारण पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना कुणीतरी हाच प्रश्न विचारणार आहे.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ राज्य केले. हा राजा स्वतः लेखक होता. तेलुगूत त्याने लिहिले, संस्कृत पंडितांना त्याने तिरुविशनल्लूरचे अग्रहार दिले आणि मराठीत त्याने नाटके लिहिली. त्याचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे १६९० च्या सुमाराचे. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीला झाले ते १८४३ मध्ये. मधले अंतर दीडशे वर्षांचे. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण सांगलीपासून सुरुवात करतो, ते प्रयोगाच्या परंपरेच्या दृष्टीने बरोबरही आहे, पण लिहिलेले मराठी नाटक त्याआधी कावेरीकाठी होते. याच शहाजीच्या नावावर 'पंचभाषाविलास' आहे. त्यात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा रंगमंचावर येतात. हा नुसता पांडित्याचा खेळ नव्हता. त्या वेळच्या तंजावरच्या रस्त्यावर या भाषा खरोखर बोलल्या जात होत्या. रेशीम विणणारे पट्टणूलकार त्यांची सौराष्ट्री बोलत, ती सहावी. आज मिश्र वस्तीत राहणाऱ्या आपल्याला हे नाटक परके वाटू नये.

दुसरे सरफोजी यांचा काळ १७९८ ते १८३२. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजाकडे तंजावरचा किल्ला, नेमणूक व महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. हाती सत्ता नसलेल्या या माणसाने काय केले ते पाहा. त्याने देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' १८०६ मध्ये तंजावरात छापला गेला. मुंबई-पुण्याला मराठी छपाई रुजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी त्याने चित्रांसह ठेवल्या. मुलांना भूगोल कळावा म्हणून त्याने 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई येते. सरफोजींच्या कुरवंजीत ती बाई मराठीत बोलते आणि पृथ्वीवरचे खंड आणि देश सांगते! तमिळ सोंग, मराठी बोल आणि युरोपातून आलेला भूगोल. तंजावर म्हणजे काय ते या एका छोट्या पुस्तकात कळते.

काशीयात्रेला गेला असताना त्याने पोथ्या गोळा केल्या. सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोठा भाग त्याच्या संग्रहाचा आहे. तिथे आजही तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. मोडी कागदांची बंडले वेगळीच. बृहदीश्वराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला तो १८०३ मध्ये. मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते.

राज्य नसलेल्या राजाचे आणखी एक काम मला ग्रंथालयाइतकेच मोठे वाटते. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. तिथे प्रवाशाला जातपात न पाहता अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, अनाथ मुलांना सांभाळले जाई, बाळंतिणीची सोय होई. ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात मुलांच्या शिक्षणाचीही व्यवस्था होती. इंग्रजांनी या छत्रांना हात लावू नये म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. राज्य गेले तरी चालेल, पण छत्रे राहू द्या, असा त्याचा एकूण सूर आहे.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले. राज्य नाममात्रच होते, तेही खालसा झाले, आणि राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही कंपनीने ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या न्यायालयात दावा लावला आणि तिथे तो जिंकला. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही राजसत्तेची कृती आहे, तिच्यात न्यायालयाला दखल देता येत नाही, असे ठरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल अजून शिकवतात. एका मराठी विधवेचे नाव त्यात आहे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते.

इथून पुढची गोष्ट राजांची नाही, घरांची आहे.

दरबार बंद झाला, त्या दिवशी मोडी लिहिणाऱ्याची नोकरी गेली. त्याचा मुलगा इंग्रजी शाळेत गेला, शिकला, मद्रास इलाख्यात अधिकारी झाला, वकील झाला. घरात मराठी होती, बाहेर तमिळ आणि इंग्रजी. मराठी शाळा नव्हती, मराठी वृत्तपत्र नव्हते. कुणी मराठीचा द्वेष केला नाही, कुणी बंदी घातली नाही. तमिळ लोक या घरांना आदराने 'रायर' म्हणत, अजूनही म्हणतात. भाषा मारायला शत्रूच लागतो असे नाही, मित्रहो. वाचायला काही नसले तरी पुरते.

काही वर्षांपूर्वी मी तंजावरला गेलो होतो. एका परिचिताच्या ओळखीने तिथल्या एका मराठी घरी जेवायला गेलो. आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. पानात डांगर पच्चडी होती, रसवांगी होती, आणि ज्याला सगळे जग सांबार म्हणते त्याला त्या 'आंबट वरण' म्हणत होत्या. सांबार भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मले, कोकम संपले म्हणून चिंच घातली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती गोष्टच आहे, तिला कागदाचा आधार नाही. पण 'सांभार' हा शब्द जुना मराठी, आणि पाणी तापवायच्या गंगाळाला तमिळमध्ये 'गंगाळम्' म्हणतात, एवढे मात्र खरे. राजवाड्यातून शब्द बाहेर पडले ते स्वयंपाकघराच्या दाराने.

आजीबाईंची मराठी मला सगळी समजत होती, पण कानाला वेगळी लागत होती. काही शब्द पोथीत वाचलेले, आपल्या बोलण्यातून केव्हाच गेलेले. काही तमिळ. चाल तर पूर्ण तमिळ. मी म्हटले, "आजी, तुमची मराठी फार गोड आहे." त्यांनी सुनेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे पुस्तकातलं बोलतात." मी अवाक झालो. आपलीच मराठी खरी, असे मी धरून चाललो होतो.

जेवणानंतर त्यांनी एक वही दाखवली. पहिल्या पानावर गणपतीची आरती होती, पुढे देवीची, विठ्ठलाची. शब्द मराठी, पण अक्षरे सगळी तमिळ. नातवासाठी लिहिली होती. नातू देवनागरी वाचत नाही. तमिळ लिपीत 'ग' आणि 'क' यांना एकच अक्षर, 'भ' तर नाहीच, त्यामुळे म्हणताना कुठे काय उच्चारायचे ते तोंडी सांगावे लागते. "मी आहे तोवर सांगते," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महालात गेलो. तिथे एक तरुण मोडी कागद वाचत बसला होता, आपण वर्तमानपत्र वाचतो तितक्या सहज. मी आनंदाने मराठीत बोलायला लागलो. तो ओशाळला. त्याची मातृभाषा तमिळ. मोडी शिकला होता, कागदांपुरती मराठी शिकला होता, बोलता येत नव्हती. तंजावरला १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद करून घेऊन खंडरूपाने छापले आहेत. आपल्या पूर्वजांचा कारभार आज तमिळ वाचकाला त्याच्या भाषेत वाचता येतो. हे वाचून कुणाला वाईट वाटत असेल, तर मी सांगतो, मला आधी लाज वाटली आणि मग कृतज्ञता. कारण माझ्या घरी माळ्यावर पणजोबांची ट्रंक आहे. गायकवाडी नोकरीतल्या माणसाची. तिच्यातले मोडी कागद मला वाचता येत नव्हते. माझ्या वडिलांनाही येत नव्हते. आम्ही दर दिवाळीला ट्रंक पुसत होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तंजावरच्या मराठीचे काय टिकले आणि काय नाही?

शहाजीराजांची नाटके ग्रंथालयात आहेत. काही छापलीही गेली आहेत. पण दरसाल ठरल्या दिवशी त्यांचा प्रयोग होतो, असे गाव उरले नाही. आणि तंजावरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर मेलट्टूर नावाचे खेडे आहे. तिथे नृसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा होतो. प्रह्लादाची कथा रात्रभर चालते. नाटके तेलुगू, करणारे गावचेच पुरुष, बायकांची कामेही तेच करतात. नायकांचे तेलुगू राज्य भोसल्यांच्याही आधी बुडाले, तरी तेलुगू नाटक चालू आहे. मधल्या काळात खंड पडले, पण गावाने ते पुन्हा उभे केले. का? कारण ते राजवाड्यात नव्हते. ते गावाच्या देवाचे होते, वर्षातल्या एका तिथीला बांधलेले होते, आणि बापाचे काम मुलगा करत होता.

आपल्या मराठीचेही जे राजवाड्याबाहेर गेले, ते टिकले. समर्थांचे शिष्य तिकडे गेले, भीमस्वामींचा मठ तंजावरात झाला. पुढे महाराष्ट्रातून कीर्तनकार येत राहिले. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांची कीर्तने तंजावरकरांनी ऐकली आणि तंजावर कृष्ण भागवतर (१८४७-१९०३) यांनी त्यातून तमिळ हरिकथा घडवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते त्यांनी तशीच ठेवली, नावासकट. आज चेन्नईत कर्नाटक संगीताच्या मैफिलीच्या शेवटी अभंग ऐकू येतो आणि मराठीचा एक शब्द न येणारे श्रोते त्यावर टाळ्यांनी ताल धरतात. ही पेरणी तंजावरची.

म्हणजे हिशोब असा. जे आपण दुसऱ्याला दिले ते जिवंत आहे. जे कपाटात ठेवले ते सुरक्षित आहे. आणि जे नुसतेच घरात बोलत राहिलो, त्याला आता तमिळ अक्षरांची वही लागते.

यावर कुणी म्हणेल, तंजावरची तुलना बडोद्याशी कशी होईल? आपण महाराष्ट्राच्या उंबऱ्यावर, रोज मुंबईला गाड्या जातात, पुस्तके येतात, नाटके येतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच आपण निश्चिंत आहोत. पण मी माझ्या घरापुरते सांगतो. माझा नातू मराठी उत्तम बोलतो. आज्जीला फोनवर पाठवायचे असेल तर रोमन अक्षरांत लिहितो. आजीबाईंची वही मला तंजावरला पाहून वाईट वाटले होते. घरी आलो आणि कळले, आमच्या घरीही तीच वही आहे, फक्त लिपी वेगळी आहे आणि ती फोनमध्ये आहे.

तंजावरहून परत आल्यावर मी अडुसष्टाव्या वर्षी मोडी शिकायला लागलो. वर्षभर रखडत शिकलो. मग ट्रंक उघडली. फार मोठे काही निघाले नाही. धान्याचे हिशोब, घरभाड्याच्या पावत्या, एका लग्नाचा खर्च. आणि एक लांब यादी निघाली, मुलीला घातलेल्या दागिन्यांची. यादीच्या माथ्यावर पणजीचे माहेरचे नाव होते. आमच्या घरात तिला सगळे 'मोठी आई' म्हणत आले. तिचे पाळण्यातले नाव काय हे जिवंत माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हते. शंभराहून अधिक वर्षे ते नाव आमच्याच डोक्यावर, माळ्यावर होते.

म्हणून आपल्या संस्थेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, पावसाळ्यात एक मोडी वर्ग सुरू करावा. शिकायला दहा माणसे आली तरी पुरेत. ज्यांच्या घरी ट्रंक आहे त्यांनी ती घेऊनच यावे. दुसरी, ऐंशीच्या पुढच्या आपल्या बायकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. मुलाखत नको. स्वयंपाक, सण, भांडणे, जे बोलतील ते. बडोद्याची मराठी ही पुण्याच्या मराठीची बिघडलेली प्रत नाही, तिचे स्वतःचे रूप आहे, आणि ते कुठेही नोंदलेले नाही. तिसरी, वर्षातला एक दिवस ठरवून मुलांनी केलेले एक नाटक किंवा कीर्तन व्हावे, आणि ते आपल्या सभागृहात नव्हे तर मोहल्ल्यात, गुजराती शेजाऱ्यांसमोर. त्यांना आवडले तर ते पुढच्या वर्षी आपल्याला विचारतील. मेलट्टूरने आपल्याला एवढे नक्की शिकवले आहे की विचारणारे शेजारी असले की खंड पडत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी तंजावरने बडोद्याला एक दिवाण दिला आणि एक महाराणी दिली. त्या गावाकडून आज आपण एवढे घेऊ शकतो. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तुमच्यापैकी कुणी दक्षिणेत यात्रेला जाल तेव्हा बृहदीश्वराचे दर्शन झाल्यावर तिकडे एक तास काढा, आणि त्याआधी मंदिराच्या प्राकारातला तो मराठी शिलालेख शोधा. दोन ओळी तरी मोठ्याने वाचा. आसपासचे लोक वळून पाहतील. पाहू द्या.

मोडी वर्गाला नाव द्यायचे असेल त्यांनी खाली कार्यालयात द्यावे. पहिले नाव माझ्या नातवाचे आहे. त्याला अजून सांगितलेले नाही.